12 बाय 14 च्या हॉलसाठी रिसीव्हर आणि सबवूफर, कोणता घेऊ?

मनीषनगर_थर्डफ्लोअर
नमस्कार मंडळी. नवीन फ्लॅट आहे, हॉल 12 बाय 14 फूट, उंची 10, एका बाजूने डायनिंगला उघडा. टीव्ही 55 इंची, त्याला एआरसी (एचडीएमआय केबलनेच टीव्हीचा आवाज बाहेर द्यायची सोय) आहे पण त्याचा पुढचा प्रकार ईएआरसी नाही. दादा बंगलोरला गेला तेव्हा त्याचे दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक सेंटर माझ्याकडे देऊन गेला, चांगले आहेत, 87 डीबी सेन्सिटिव्हिटी लिहिली आहे मागे. आता रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अॅम्पचा डबा) आणि सब (सबवूफर, बेसचा स्पीकर) घ्यायचा विचार करून राहिलो. दोन्ही मिळून 80-90 हजार, घरी 70 सांगितले आहेत. नागपुरात बर्डीच्या बाजारात फिरून आलो तं एक जण म्हणतो 7.2 चाच (7 स्पीकर, 2 सब) घ्या, 5.1 आता कोणी घेत नाही, दुसरा म्हणतो 100 वॅटच्या खाली पाहूच नका, आणि तिसऱ्याने 8 इंची सबवर 1000 वॅटचं स्टिकर दाखवलं. डोकं फिरलं बाप्पा. जुन्या होम थिएटरचा एक सब पण पडला आहे घरात, तो रिसीव्हरला लावता येतो का? आणि खालच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहतात, त्यांचापण विचार करावा लागन.

बेसवाला_बेसा
भाऊ, पहिले जुना सब विसरून जा. त्यात बहुतेक वेळा अॅम्प्लिफायर नसते, तो त्याच्या डब्याच्याच अॅम्पवर चालतो. रिसीव्हरच्या मागे जे सब आऊट असते ते नुसतं लाइन लेव्हल, म्हणजे कमजोर, सिग्नल देते, त्याला पॉवर्ड, म्हणजे स्वतःचा अॅम्प असलेला सबच पाहिजे.

आता वॅट. 80 वॅट आणि 100 वॅट यात फरक किती, तं 1 डीबी. कानाला धड समजतसुद्धा नाही. 3 डीबी वाढवायचे तं पॉवर दुप्पट लागते. तुमचे स्पीकर 87 चे, म्हणजे 1 वॅटला 1 मीटरवर 87 डीबी, आणि सोफा असन 9-10 फुटावर, एवढ्या हॉलमध्ये तुम्ही बहुतेक वेळ एक-दोन वॅटच वापरसान. वरून बॉक्सवर छापलेला आकडा 6 ओहमला, एकच चॅनल चालवून, 1 किलोहर्ट्झवर, 10 टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) ठेवून मोजलेला असू शकतो. आकडा पाहायचाच तं 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, हे लिहिलेला पाहा, बाकीचे सोडून द्या.

7.2 चं म्हणाल तर डॉल्बी अॅटमॉसचे (वरूनही आवाज देणारी पद्धत) वरचे दोन स्पीकर लावायचे असतील तरच 7 चॅनल कामाचे, म्हणजे 5.1.2, शेवटचा 2 वरच्यांचा. तुमच्याकडे तं अजून सराउंडच (बाजूचे-मागचे स्पीकर) नाहीत! आणि ते ".2" म्हणजे दोन सब वेगवेगळे सेट होतात असं नाही, खालच्या मॉडेलमध्ये एकच सिग्नल दोन जागी काढून दिलेला असतो. ईएआरसी नाही त्याची चिंता नका करू, ओटीटीवरचं अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येते, ते साध्या एआरसीवर जाते (टीव्ही पुढे पाठवतो का ते सेटिंगमध्ये पाहून घ्या). ब्ल्यू-रे प्लेअर असन तं तो डायरेक्ट रिसीव्हरला लावा.

माझं म्हणणं एकच, 5.1 चा साधा रिसीव्हर घ्या आणि वाचलेले पैसे सबमध्ये टाका. 8 इंचीपेक्षा 12 इंची कोनचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असते, आणि एक ऑक्टेव्ह खाली (म्हणजे निम्म्या हर्ट्झला) तेवढाच आवाज पाहिजे तं चौपट हवा ढकलावी लागते. ते काम 1000 वॅटचं स्टिकर करत नाही.

धरमपेठकर
बेसावाल्यांशी बराचसा सहमत, पण खोलीबद्दल कोणीच बोललं नाही. 14 फूट म्हणजे साधारण 4.27 मीटर. आवाजाचा वेग 343 मीटर, भागिले लांबीची दुप्पट, आलं 40 हर्ट्झ. रुंदीचं तसंच 47, उंचीचं 56. या तीन ठिकाणी तुमचा हॉल स्वतःच गुंजणार, सब 20 हजारांचा असो की लाखाचा. आणि गंमत म्हणजे हॉलच्या बरोबर मध्ये बसलात तर तोच 40 चा आवाज जवळजवळ गायब, भिंतीला टेकून बसलात तर दणदणाट. डायनिंगची बाजू उघडी असल्याने आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

म्हणून सब जिथे जागा उरली तिथे ढकलू नका. त्याला उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एखादं सलग बेस असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने गुडघ्यावर रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात एकसारखा वाटेल, सगळ्यात मोठा नव्हे, तिथे सब ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या.

रिसीव्हरमधलं रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज आपोआप जुळवणं) मला वॅटपेक्षा महत्त्वाचं वाटतं. डेनॉनच्या एक्स 1700 एचमध्ये ऑडिसी मल्टइक्यू एक्सटी आहे, यामाहात वायपीएओ असतं. खालच्या मॉडेलमध्ये सबच्या चॅनलला इक्यू (वेगवेगळ्या हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करणं) मिळतो की नुसतं लेव्हल आणि अंतर सेट होतं, हे घ्यायच्या आधी मॅन्युअल डाऊनलोड करून वाचा. अर्थात इक्यू फुगलेला आवाज दाबू शकतो, गायब झालेला परत आणू शकत नाही. ते काम जागेचंच.

कूलरग्रस्त
हे सगळं डिसेंबरमध्ये ठीक आहे, एप्रिल लागला की खिडकीत डेझर्ट कूलर घरघरणार, मग कुठचं 40 हर्ट्झ अन् कुठचं काय 😄 तेव्हा डायलॉग ऐकू येणं हीच मोठी गोष्ट, त्यामुळे सेंटरची लेव्हल 2-3 डीबी वर न्या आणि सेंटर टीव्ही युनिटच्या आत खुपसू नका.

खरं सांगायचं तर माइक लावून सेटिंग करता नं, तेव्हा कूलर, पंखा, फ्रीजसुद्धा बंद ठेवा, सकाळी पाच-साडेपाचला करा, रोडवर गाड्या नसतात. आणि रिसीव्हर दाराच्या कपाटात नका ठेवू. बाहेर 45 डिग्री असताना आत कोंडला की प्रोटेक्शनमध्ये जाऊन पिक्चर ऐन रंगात असताना बंद पडते, माझ्या साडूकडे हेच होते. वर अर्धा फूट तरी मोकळं सोडा. कूलरचा ओला झोत पण स्पीकरवर नको, कागदी कोन असते.

मनीषनगर_थर्डफ्लोअर
काका, रांगायचं काम मुलाला देतो, त्याला सवय आहे 😀 म्हणजे 5.1 आणि 12 इंची, असं धरून चालू? सील्ड (बंद डबा) की पोर्टेड (हवेसाठी भोक असलेला)? खालच्या आजोबांचं काय करू? आणि एक जण अमेरिकेहून स्वस्तात रिसीव्हर आणून देतो म्हणून राहिला.

धरमपेठकर
अमेरिकेचा पीस 120 व्होल्टचा असतो, घरात 230. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल आणि इथे वॉरंटी मिळणार नाही. मी घेणार नाही.

आजोबांसाठी रबरचे पाय, फोम वगैरे विकतात, त्याने कपाटाची काचं वाजणं कमी होईल, पण खालचा बेस हवेतून जाऊन स्लॅबच हलवतो, त्याला फोम काही करत नाही. रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड (मोठे आवाज दाबणारा) लावा आणि सब 5-6 डीबी खाली घ्या. मी तुमच्या जागी सील्ड घेईन, डबा लहान आणि खाली आवाज हळूहळू उतरतो. पोर्टेडमध्ये तेवढ्याच पैशात 20-25 हर्ट्झला जास्त जोर मिळतो, पण तो जोर फ्लॅटमध्ये वापरणार कधी?

बेसवाला_बेसा
इथे माझं काकांशी जमत नाही. डायनिंगकडून उघडा हॉल आहे, बंद खोलीत सील्डला खाली जो फुकटचा आधार मिळते तो इथे कमी मिळन. पोर्टेड घ्या, आवाज कमी ठेवायला नॉब असतेच की. बाकी सेटिंग, सगळे स्पीकर "स्मॉल" करा, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ (त्याच्या खालचा आवाज सबला जाते), सबवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर किंवा एलएफई इनपुट (तिथे सबचा हा नॉब लागूच होत नाही) वापरा, व्हॉल्यूम अर्ध्यावर. माइकचं झाल्यावर रिसीव्हरने सबची लेव्हल -12 च्या टोकाला नेली असन तं सबचा नॉब कमी करून परत मोजा.

कूलरग्रस्त
आणि लावल्यावर हम्म असा आवाज आला तं सब खराब आहे म्हणून दुकानात पळू नका, आधी केबलवाल्याची वायर सेटटॉप बॉक्समधून काढून पाहा. आवाज थांबला तं अर्थ लूप (दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे येणारी घरघर) आहे. मग इलेक्ट्रिशियनकडून प्लगचं अर्थिंगपण एकदा चेक करून घ्या, नवीन बिल्डिंग असली तरी.