मदत हवी आहे: नवी पोर्शे ७१८ केमन बडोद्यात आणतेय, ताबा घेताना आणि नंतर काय काय सांभाळू?

नमस्कार मंडळी,

पोर्शे ७१८ केमन बुक केली आहे. ताबा अहमदाबादच्या शोरूममधून मिळेल आणि गाडी राहील बडोद्यात, मांजलपूरला आमच्या टेनामेंटमध्ये (इकडे स्वतंत्र घराला असं म्हणतात). मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. दिवसभर लेथ, मिलिंग आणि कूलंट यांच्यातच असते, त्यामुळे यंत्राची भीती नाही. पण सीटच्या पाठीमागे आणि मागच्या अॅक्सलच्या पुढे इंजिन असलेली गाडी घरात पहिल्यांदाच येतेय. ओळखीत कुणाकडे अशी गाडी नाही आणि मराठीत यावर फारसं काही सापडलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

एक गोष्ट आधीच सांगते. गाडी चालवायला घेतली आहे. रविवारी सकाळी हालोलवरून जांबुघोड्याच्या जंगलातला रस्ता, कामासाठी अहमदाबाद, वर्षातून एखादी नाशिकची फेरी, हे सगळं या गाडीने करायचं आहे. त्यामुळे "पावसाळाभर कव्हर घालून ठेवा" हा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही.

पहिला प्रश्न ताबा घेण्याचा. शोरूमवाले फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) गाडी घरपोच देतो म्हणतात. मला वाटतं एक्सप्रेसवेवरून स्वतः चालवत आणावी, ९३ किलोमीटरचा सरळ, चांगला रस्ता आहे. पण नव्या इंजिनाला एकाच वेगाने तासभर पळवणं बरं नाही असंही वाचलंय. काय करावं? आणि सही करण्याआधी काय तपासायचं? साध्या गाडीचं बॉनेट उघडून आपण चार गोष्टी बघतो. इथे पुढे डिकी, मागेही डिकी, आणि इंजिन दिसतच नाही.

दुसरा प्रश्न घराच्या उताराचा. फाटकापासून पोर्चपर्यंतचा रॅम्प चांगलाच उभा आहे. शोरूममधल्या डेमो गाडीच्या पुढच्या ओठाची (बंपरच्या खालच्या कडेची) जमिनीपासूनची उंची आणि तिथून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर टेपने मोजून आणलं. मग प्लायवूडच्या पट्टीवर तो कोन आखून पट्टी रॅम्पच्या पायथ्याशी धरून बघितली. जिथे रस्ता संपून उतार सुरू होतो तिथेच पट्टी टेकते. रॅम्प फोडून लांब करायचा तर फाटकाबाहेर जावं लागेल, आणि तो सोसायटीचा रस्ता आहे. कुणी यावर उपाय केलाय का?

तिसरा प्रश्न पाण्याचा. खरी काळजी याचीच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बेसमेंटमधल्या आणि रस्त्यावरच्या किती गाड्या गेल्या, हे बडोदेकरांना सांगायला नको. २०१९ च्या जुलैअखेरीलाही तेच झालं होतं. आमच्या गल्लीत पोर्चपर्यंत पाणी येत नाही, पण अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) तर तासाभराच्या पावसात भरतं, आणि कामावरून येताना पाऊस कुठे गाठेल सांगता येत नाही. या गाडीचे हवा घेण्याचे झरोके दारांच्या मागे, मागच्या चाकांच्या जरा पुढे आहेत. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, एवढं मला कळतं. व्यवहारात कुठल्या पाण्यात घालायची आणि कुठून परत फिरायचं, हे चालवणाऱ्यांनी सांगावं.

लहानसहान प्रश्न आहेतच: बोअरचं जड पाणी, छपरावरून उड्या मारणारी वानरं, पेट्रोल. त्यावरही लिहिलंत तर आभारी राहीन.

प्रतिसाद – रिव्हर्सगिअर (पुणे)

ताई, मनापासून अभिनंदन! जुनी केमन बरीच वर्षं चालवतोय, त्यावरून सांगतो.

गाडी स्वतःच आणा. मॅन्युअलमध्ये सुरुवातीच्या किलोमीटरांसाठी रनिंग-इनच्या (नवं इंजिन रुळवण्याच्या) सूचना आहेत, त्यांचा मथितार्थ इतकाच: इंजिन थंड असताना जोर द्यायचा नाही, उंच आरपीएमला न्यायचं नाही, आणि शक्यतो लांब फेऱ्या मारायच्या. गल्लीतल्या गल्लीत दोन-दोन किलोमीटर फिरवण्यापेक्षा अहमदाबाद-बडोदा केव्हाही चांगलं. फक्त क्रूझ कंट्रोल लावू नका. थोडा वेळ ऐंशी, थोडा वेळ शंभर, मधेच गिअर बदलून, असं चालवा. नवे टायर आणि ब्रेक पॅड सुरुवातीला पूर्ण पकड देत नाहीत, तेव्हा पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. भर दुपारी ट्रकांच्या गर्दीत निघण्यापेक्षा सकाळी लवकर ताबा घ्या. बडोद्याची जीजे-०६ ची नंबरप्लेट, फास्टॅग आणि विम्याची पॉलिसी हातात आल्याशिवाय निघू नका.

तपासणीबद्दल. चासी नंबर गाडीवर, बिलावर आणि विम्यावर एकच आहे ना ते स्वतः वाचा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. चारही टायर बघा, आणि पोर्शेसाठी मान्य केलेल्या टायरवर 'एन' आणि पुढे आकडा असतो तोही बघा. पुढचे टायर २३५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागचे २६५ चे, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. जहाजातून येताना टायर सपाट होऊ नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते. ती उतरवली का हे विचारू नका, गेज लावून समोर बघा. रंग उन्हात बघा आणि सावलीत टॉर्च तिरपा धरूनही बघा. शोरूमच्या दिव्यांत नवी गाडी नेहमीच निर्दोष दिसते.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि ती डिकी विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली की डिकी उघडत नाही आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत हात जात नाही. यावर मार्ग आहे: पायाशी फ्यूजबॉक्समध्ये एक पॉझिटिव्ह टर्मिनल बाहेर ओढता येतं, त्याला बाहेरची बॅटरी जोडून कुलूप उघडतात. हे सेल्समनकडून तोंडी ऐकू नका, करून दाखवायला सांगा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सोबत चाकाच्या बोल्टांची चावी आणि टोइंग आय (गाडी ओढायची कडी) कुठे ठेवलंय तेही दाखवून घ्या. ते आय पुढच्या बंपरच्या झाकणामागे आट्यांवर फिरवून बसतं, फ्लॅटबेडवर चढवायची वेळ आली तर तेच लागतं. स्टेपनी नाही, पंक्चरचं सीलंट आणि कॉम्प्रेसर असतो. सीलंटच्या बाटलीवरची मुदत वाचा.

प्रतिसाद – तेलपाणी (बडोदा)

माझं शहरातल्या वाडी भागात गॅरेज आहे. ही गाडी माझ्याकडे सर्व्हिसला येत नाही, पण पुरानंतर आलेल्या गाड्या भरपूर उघडल्या आहेत, म्हणून पाण्याबद्दल बोलतो.

किती इंच पाणी चालेल हा हिशेब रस्त्यावर करता येत नाही, कारण खालचा खड्डा दिसत नाही. माझा नियम असा: समोरून जाणाऱ्या रिक्षाच्या चाकाची रिम पाण्यात बुडत असेल तर परत फिरायचं. आणि साचलेलं पाणी कमी असलं तरी शेजारून एसटीची बस गेली की लाट दारापर्यंत येते. तुमचे झरोके बाजूलाच आहेत, तेव्हा बस जाऊ द्या आणि मग निघा. गरनाळ्याचा तर विचारच नको. पाऊस सुरू झाला की जरा लांबचा असला तरी पुलावरचा रस्ता धरा.

कधी पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही. एकदाही नाही. आमच्याकडे आलेल्या बहुतेक इंजिनांचा सत्यानाश पाण्याने नाही, दुसऱ्या स्टार्टने झाला. विम्यात झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घेतलं म्हणून निश्चिंत राहू नका. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलं तर कंपन्या परिणामी नुकसान म्हणून दावा नाकारू शकतात. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्या आणि त्यात पाण्याचा उल्लेख आहे का ते वाचा. एवढ्या किमतीच्या गाडीला रिटर्न टू इनव्हॉइसही (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत देणारं कव्हर) घ्या. पुराचा इशारा आला की गाडी आदल्या रात्रीच उंचावर हलवा. कुठे लावणार ते आत्ताच ठरवून ठेवा, पाणी चढायला लागल्यावर जागा मिळत नाही.

उंदरांचं बघा. साध्या गाडीत बॉनेट उघडलं की कुरतडलेली वायर दिसते. इथे इंजिन वरून आणि खालून झाकलेलं आहे, आत घरटं झालं तरी वासाने किंवा चेतावणीच्या दिव्यानेच कळेल. पोर्चमध्ये धान्य, कोंबड्यांचं किंवा कुत्र्याचं खाणं ठेवू नका.

आणि पंक्चरवाल्याला स्वतःच्या मनाने जॅक लावू देऊ नका. खालचं पूर्ण अंग प्लास्टिकच्या पत्र्याने झाकलेलं असतं. एका गॅरेजने अशाच एका बसक्या गाडीचा पत्रा जॅकने फोडून दिला होता, ती नंतर माझ्याकडे आली. जॅकचे बिंदू ठरलेले आहेत, तिथेच, रबरी गुटका ठेवून.

प्रतिसाद – माळव्यातला (इंदूर)

आमच्याकडे भावाची ७१८ आहे. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. त्या जाळ्यांतून कडुनिंबाची पानं, पिशव्यांचे तुकडे, आणि तुमच्याकडे उत्तरायणानंतर मांजा, सगळं आत जाऊन साचतं. आमच्याकडे पहिल्या उन्हाळ्यानंतर बंपर उतरवला तेव्हा आत पानांचा थर होता. दर सर्व्हिसला हे साफ करायला सांगा. विंडस्क्रीनच्या खाली पाणी जाण्याची जी भोकं आहेत तीही पावसाआधी मोकळी करून घ्या.

दुसरं, गाडी बंद केल्यावर मागून पंख्याचा आवाज येत राहतो. घाबरायचं नाही, इंजिनच्या खोलीतली गरम हवा बाहेर काढण्याची ती सोय आहे. पंखा थांबून गाडी निवेपर्यंत कव्हर घालू नका. तेलाला डिपस्टिक नाही, पातळी डॅशबोर्डच्या पडद्यावर बघायची, गाडी सपाट जमिनीवर आणि इंजिन गरम असताना. तेल आणि कूलंट घालायची तोंडं मागच्या डिकीत आहेत. पेट्रोल कुठलं चालतं ते टाकीच्या झाकणाच्या आतल्या लेबलवर आहे, इथेनॉलचं प्रमाणही तिथेच वाचा आणि पंपावर त्यानुसारच मागा.

पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) करणार असाल तर पुढच्या बाजूइतकंच मागच्या फुगीर मडगार्डावर लक्ष द्या. पुढच्या चाकांनी उडवलेली खडी थेट तिथे बसते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे खूप आभार! रिव्हर्सगिअर, डिकीचं कुलूप आणि बॅटरीचं हे कोडं मला कुणीही सांगितलं नव्हतं, शोरूममध्येही नाही. करून दाखवल्याशिवाय सही करणार नाही. तेलपाणी, इंजिन प्रोटेक्शनचा मसुदा मागवला आहे, पाण्याचा उल्लेख शोधतेय. उंचावरच्या जागेसाठी वर्कशॉपचा लोडिंग प्लॅटफॉर्म मनात आहे. २०२४ मध्ये तिथे पाणी आलं नव्हतं.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न मी स्वतः सोडवला. वर्कशॉपला आरओ बसवलेला आहे, शेवटचं धुणं त्या पाण्याने करीन म्हणजे डाग पडायचे नाहीत. वानरांसाठी पोर्चला जाळी लावतेय.

१ टक्का टीसीएसबद्दल (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) विचारलं होतं कुणीतरी: १० लाखांवरच्या गाडीला तो शोरूम किमतीवर वसूल करतं आणि आयकर विवरणात आपल्याला त्याचं श्रेय मिळतं, त्यामुळे तो खर्चात धरू नका.

रॅम्पवर मात्र कुणीच बोललं नाही. माझ्या मनात काढता-घालता येणाऱ्या दोन पट्ट्या आहेत, चाकांच्या रेषेत, रॅम्पच्या पायथ्याशी, म्हणजे चढ हळूहळू सुरू होईल आणि ओठ टेकणार नाही. ७ मिलिमीटरच्या चेकर्ड प्लेटमध्ये खाली पट्टे वेल्ड करून स्वतःच बनवू शकते. पण प्लेट पावसात ओली झाली की २६५ चा टायर घसरेल का? कुणी लोखंडाऐवजी रबरी पट्ट्या वापरल्या असतील तर जाडी आणि लांबी कळवा, ताबा घ्यायच्या आधी बनवून ठेवायच्या आहेत.