फुकटचा वायू, पण हायड्रोजन फुकट नाही

टाकाऊ हायड्रोजन सल्फाइड वायू उन्हात, उत्प्रेरकाच्या मदतीने फोडून हायड्रोजन काढायचा, अशी एक कल्पना आहे. ‘टाकाऊ वायू फुकट, ऊन फुकट, म्हणजे हायड्रोजन स्वस्तच’ हे त्यामागचं गणित मला अर्धवट वाटतं. रसायनशास्त्र बाजूने आहे, कबूल. पाणी फोडायला मोलमागे किमान २३७ किलोज्यूल लागतात, हायड्रोजन सल्फाइडला जेमतेम ३३. पण आपल्या सोलापूरकडच्या एखाद्या साखर कारखान्याची डिस्टिलरी घ्या. स्पेंटवॉशमधून (अल्कोहोल गाळल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यातून) रोज १०,००० घनमीटर बायोगॅस आणि त्यात ३ टक्के हायड्रोजन सल्फाइड, असं धरू. म्हणजे साधारण ४५५ किलो. त्याच्या ३४ ग्रॅममध्ये हायड्रोजन फक्त २ ग्रॅम, म्हणजे सगळा फुटला तरी हाती रोज २७ किलो! बाकी सव्वाचारशे किलो गंधक. हायड्रोजनचे किलोला ३०० रुपये धरले तरी दिवसाचे आठ हजार. त्यातच पगार, वायू विरघळवायला कॉस्टिक सोडा, कॉम्प्रेसर.

उत्प्रेरक कॅडमियम सल्फाइड घ्यावा, तर कॅडमियम विषारी. शिवाय सुटलेल्या गंधकामुळे द्रावणात पॉलिसल्फाइड (गंधकाच्या साखळ्यांची संयुगं) साठून ते पिवळं पडतं आणि उत्प्रेरकाआधी तेच ऊन खातं. ऊन इथे भरपूर (मे महिन्यात तर नको इतकं), पण डायजेस्टर (बायोगॅस तयार होतो ती टाकी) रात्रीही गॅस सोडतो, त्याचं काय?

स्क्रबरवरचा (बायोगॅसमधून हायड्रोजन सल्फाइड काढून टाकणाऱ्या यंत्रावरचा) वाचलेला खर्च जमेला धरला तरच हे जुळेल. नुसता हायड्रोजन विकून नाही.