द्राक्षाच्या मुळीवर गाठी आल्यात. रायझोबियम की दुसरंच काही? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बाग निफाड तालुक्यात, कादवेच्या अलीकडे. मी नाशकात नोकरीला. बाग नाना (वडील) बघतात, मी शनिवार-रविवारी जाऊन लुडबूड करतो. यावेळची लुडबूड अंगाशी आली की काय, हे विचारायला धागा काढतोय.

थॉम्पसन जातीच्या द्राक्षाची जुनी बाग, एक एकर. खरड छाटणी एप्रिलमध्ये झाली. विहिरीकडच्या सात-आठ ओळी दोन वर्षांपासून मागेच राहतात. काडी बारीक, पेरं आखूड, पानं दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळी परत उभी. पाण्याची अडचण नाही, ड्रीपर मी स्वतः तपासले. माती काळी, चुनखडीची, सामू ८.३.

मे महिन्यात एका दुकानातून 'जिवाणू किट' आणलं. ट्रायकोडर्मा, रायझोबियम, पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस विरघळवणारे जिवाणू), मायकोरायझा अशा चार बाटल्या. सगळं एकत्र ड्रीपने सोडा, जमीन जिवंत होईल, असं दुकानदार म्हणाला. (नाना: "मेली कधी होती?")

गेल्या रविवारी बोद (वेलांच्या ओळीतला मातीचा उंचवटा) उकरला. वीतभर खाली पांढरी मुळी अगदी तुरळक, पण जी होती तिच्यावर बाजरीच्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, माळेत ओवल्यासारख्या. फोटो द्राक्ष ग्रुपवर टाकला तर अंगठ्यांचा पाऊस. "रायझोबियम लागू पडलं, अभिनंदन!" मीही हुरळलो. नानांनी मुळी हातात फिरवली आणि म्हणाले, "भुईमुगाच्या गाठी वेलाला कुठनं येतील?"

तर या गाठी कशाच्या? मायकोरायझा लागलं की नाही हे डोळ्यांनी कळतं का? आणि एक कबुली : किटच्या चार दिवस आधी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) झाली होती, छाटणीच्या वेळी डीएपी हे स्फुरदाचं खतही सढळ हाताने भरलं होतं. दुकानदार म्हणाला, काही होत नाही. अजून एक किट घरात पडून आहे. सोडू का?

काळीकसदार :
आधी नानांना नमस्कार सांगा. द्राक्षाला रायझोबियमच्या गाठी येत नाहीत. तो जिवाणू द्विदल पिकांशी घरोबा करतो, त्यातही सोयाबीनचा वेगळा आणि हरभऱ्याचा वेगळा. तुमची ती बाटली ताग-धैंचा पेरला असता तर कामी आली असती.

अंगठ्याने गाठ लोटून बघा. रायझोबियमची गाठ मुळाच्या अंगाला चिकटलेली असते, सहज निघते, मूळ शाबूत राहतं. फोडली तर आत गुलाबी. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. हवेतला नत्र बांधणारं विकर प्राणवायूने निकामी होतं, म्हणून हे द्रव्य प्राणवायूला आवर घालतं. सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमीची) गाठ म्हणजे मूळच सुजलेलं. ती काढायला गेलात तर मूळ तुटेल.

बाग स्वमुळावर आहे की डॉगरीज खुंटावर कलम केलेली? आणि लावणीआधी तिथं काय होतं?

गोदाकाठचा :
मायकोरायझाबद्दल. साध्या डोळ्यांनी काही दिसत नाही. मुळी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. ही बुरशी मुळाच्या पेशीत शिरून झाडासारख्या फांद्या फोडते, तिथं देवाणघेवाण चालते. वेल साखर देतो, बुरशी स्फुरद आणते. स्फुरद मातीत जागचा हलत नाही, मुळीभोवतीचा संपला की संपला. बुरशीचे धागे मुळीच्या केसांहून बारीक, ते पुढच्या मातीत जाऊन तो ओढून आणतात. पण तुम्ही डीएपी ओतलंत. स्फुरद आयता मिळाला की वेल या पाहुण्याला साखर द्यायला हात आखडतो. म्हणजे एका हाताने आमंत्रण आणि दुसऱ्याने दार बंद.

ती जिवंत मुळाशिवाय वाढतही नाही. बाटलीवर ती कशावर वाढवली हे लिहिलेलं नसेल तर मी पैसे मोजणार नाही. (आमच्याकडे कोबीच्या रानात एकाने ही पावडर टाकली होती. कोबी-मोहरीचं कूळ या बुरशीला जवळच करत नाही!)

ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी. कार्बेन्डाझिम सोडून चार दिवसांत ती सोडणं म्हणजे तिला विषात उतरवणं. दुकानदाराला हे माहीत नसेल तर कठीण आहे, माहीत असेल तर जास्तच कठीण.

धागाकर्ता :
बाग स्वमुळावरची. विहिरीकडच्या त्या कोपऱ्यात आधी टोमॅटो, सलग तीन वर्षं. आणि आत्ताच नखाने गाठ काढून पाहिली. मूळ तुटलं. आत पांढरट, गुलाबी काही नाही.

काळीकसदार :
मग सूत्रकृमीच दिसतोय. टोमॅटो त्याचं आवडतं घर, तिथून तो वेलावर आला. डॉगरीज त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, स्वमुळावरच्या थॉम्पसनला तो सोडत नाही. मुळातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या चोंदल्यावर दुपारी पानं मान टाकणारच.

उरलेलं किट बागेत नको. आधी मोजणी करून घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठात सूत्रकृमींचं काम चालतं. बोदातून, मुळीच्या आसपासची ओलसर माती आणि थोडी बारीक मुळी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, सावलीत ठेवा. नेहमीच्या माती परीक्षणासारखी वाळवू नका, वाळवली की मोजायला काही जिवंत राहत नाही. धडधाकट ओळींतला नमुना वेगळा घ्या, तुलनेला लागतो.

पॅसिलोमायसिस नावाची बुरशी सूत्रकृमीची अंडी खाते, ती कुजलेल्या शेणखतात आणि निंबोळी पेंडीत मिसळून देतात. पण एका आळवणीत चमत्कार नाही, आणि वर कार्बेन्डाझिम तर अजिबात नको. ओळींमध्ये झेंडू लावा, त्याच्या मुळांतून सूत्रकृमीला न मानवणारं द्रव्य निघतं. दसऱ्याला फुलंही होतील. आणि त्या कोपऱ्यातलं फावडं-कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या ओळीत नेऊ नका, हे सगळ्यात आधी.

धागाकर्ता :
खूप आभार. कुदळीचं ऐकून पोटात गोळा आला, कारण रविवारी त्याच कुदळीने मी 'तुलनेसाठी' चांगल्या ओळीतही उकरलं होतं. नानांना अजून सांगितलेलं नाही. दोन पिशव्या बांधून माठाजवळ ठेवल्यात. शनिवारी निफाडकडून राहुरीला कुणी जाणार असेल तर कृपया कळवा.