मदत हवी आहे : कारखान्यातल्या स्फोटानंतर घरांचे भाव

नमस्कार मंडळी, कारखान्यात मोठा अपघात झाला की आसपासच्या घरांचे भाव किती अंतरापर्यंत आणि किती वर्षं पडलेले राहतात, यावर प्रबंध लिहितेय. एका जागी अडकलेय.

२००१ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला खत कारखान्यात अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. २०१५ मध्ये चीनमधल्या तिआनजिनला रसायनांचं गोदाम उडालं, १७३ बळी गेले. जवळच्या इमारतींच्या खिडक्यांच्या नुसत्या चौकटी उरल्या, आणि 'आमची घरं परत विकत घ्या' म्हणत रहिवासी रस्त्यावर उतरले.

भाव पडला तो भिंतींना तडे गेले म्हणून, की मनात भीती बसली म्हणून? हे वेगळं कसं काढायचं? जवळची आणि लांबची घरं, अपघाताआधी आणि नंतर, अशी तुलना करतेय. पण घाबरलेली माणसं लांबच्या वस्तीत घर शोधू लागली की तिथले भाव चढतात आणि तुलनाच बिघडते. शिवाय सुरुवातीला खरेदी-विक्रीचे व्यवहारच थोडे. भाडेकरू मात्र चटकन जागा बदलू शकतो, म्हणून भाड्याचे आकडे जास्त खरं सांगतील असं मला वाटतं.

कुणी असं काम केलंय का? अंतराची रेघ कुठे आखलीत?