४८ तास आणि ३ तास

काही जण विचारतात की मतदानाच्या आदल्या दिवशी सोशल मीडिया कंपनीने उमेदवाराची जाहिरात काढली, ही कंपनीची मनमानी नाही का? लगेच तसं म्हणू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचारबंदी. नागपुरात २०२४ ला लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला संध्याकाळी ६ पर्यंत, म्हणजे बंदी १७ च्या ६ पासून. या काळातली प्रचाराची पोस्ट निवडणूक आयोगाने कळवल्यावर ३ तासांत काढायचं कंपन्यांनी २०१९ लाच मान्य केलंय. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीला आधी एमसीएमसीचं (जाहिराती तपासणाऱ्या माध्यम प्रमाणन समितीचं) प्रमाणपत्र लागतं. नोंदणीकृत पक्षाने जाहिरात दाखवण्याच्या ३ दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीच्या २ प्रती आणि साक्षांकित संहिता (जाहिरातीतला लेखी मजकूर). गडबड बहुतेक इथेच होते: मंजुरी एका व्हिडिओला, चढवतात मात्र शेवटच्या क्षणी घोषणा बदललेला दुसराच.