मदत हवी आहे: स्फिंक्समधल्या क्रॉस-रेफरन्सला विभक्ती कशी लावायची?

नमस्कार मंडळी,

गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याचं मराठी मॅन्युअल स्फिंक्समध्ये (साध्या मजकुराच्या फाइलींतून मॅन्युअलची पानं बनवणारं साधन) लिहितोय. इंग्रजी मॅन्युअलमधले सगळे क्रॉस-रेफरन्स (मॅन्युअलमधल्या दुसऱ्या भागाकडे नेणारे दुवे) नीट चालतात, मराठीत मात्र गाडी अडते. ही ओळ बघा (फाइलीत रोल, म्हणजे ‘रेफ’ ही दुव्याची खूण, आणि लेबल, म्हणजे शीर्षकाला दिलेलं नाव, रोमनमध्येच आहेत, इथे देवनागरीत लिहितोय):

:रेफ:`थकबाकी-तक्ता`मध्ये रक्कम तपासा.

बिल्ड केलं, म्हणजे फाइलींची पानं बनवली, की दुवा बनतच नाही. कोलन, बॅकटिक (`) सगळं जसंच्या तसं पानावर. वॉर्निंगचा अर्थ एवढाच की सुरुवातीची खूण आहे, शेवटची सापडत नाही. अहो, समोर दिसतेय की! ‘मध्ये’च्या आधी स्पेस दिली तर दुवा बनतो, पण ‘थकबाकीचा तक्ता मध्ये’ असं छापून येतं.

लेबल शीर्षकाच्या वर आहे, मधे रिकामी ओळ आहे, लेबलाच्या नावाआधी अंडरस्कोर आहे आणि रेफमध्ये तो नाही. हे सगळं तपासून झालंय.

प्रतिसाद १
लेबलाचा दोष नाही. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये (स्फिंक्सच्या फाइली ज्यात लिहितात ती खुणांची पद्धत) बंद होणाऱ्या बॅकटिकनंतर स्पेस किंवा विरामचिन्ह लागतं. लगेच अक्षर आलं तर ती शेवटची खूण धरलीच जात नाही. इंग्रजीत ‘इन’, ‘फ्रॉम’ आधी आणि सुटे येतात, म्हणून तिथे हे कधी जाणवत नाही. बॅकटिकनंतर बॅकस्लॅश आणि एक स्पेस द्या, मग ‘मध्ये’. छापताना दोन्ही गायब होतात.

धागाकर्ता
केलं, दुवा बनला. आता ‘थकबाकीचा तक्तामध्ये’ येतंय. आगीतून फुफाट्यात!

प्रतिसाद २
येणारच. रेफ शीर्षक जसं आहे तसं उचलतो, सामान्यरूप त्याच्या गावी नाही. मजकूर स्वतःच द्या:

:रेफ:`थकबाकीच्या तक्त्यामध्ये <थकबाकी-तक्ता>` रक्कम तपासा.

प्रत्यय दुव्याच्या आतच गेला, त्यामुळे बॅकस्लॅशही नको. तोटा एकच: उद्या शीर्षक बदललंत तर हा मजकूर आपोआप बदलणार नाही. म्हणून मी जिथे जमेल तिथे वाक्यच फिरवतो. ‘रक्कम तपासा (पाहा: …)’ असं लिहिलं की शीर्षक प्रथमेत राहतं आणि साधा रेफ पुरतो.

जाता जाता, लेबलं रोमनमध्ये ठेवलीत ते उत्तम केलंत. स्फिंक्सच्या पोटातलं डॉकयुटिल्स पानावरचा अँकर (दुवा जिथे उघडतो त्या जागेचं नाव) बनवताना देवनागरी अक्षरं गाळून टाकतं. नुसत्या मराठी शीर्षकाला ‘आयडी१’, ‘आयडी२’ असे अँकर मिळतात. वर एक नवं शीर्षक घातलं की आकडे सरकतात आणि कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दुवा भलत्याच ठिकाणी उघडतो. आमच्याकडे महिनाभर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शीर्षकावर रोमन लेबल असलं की त्या नावाचा पक्का अँकर मिळतो.

धागाकर्ता
दोघांचे आभार. बॅकटिकला चिकटलेलं देवनागरी अक्षर असं सगळ्या फाइलींत शोधलं, ६१ ठिकाणं निघाली. बऱ्याच ठिकाणी वाक्य फिरवलं, उरलेल्यांत मजकूर आत घेतला. बिल्डला ‘डब्ल्यू’ पर्यायही लावलाय, आता एक वॉर्निंग आली तरी बिल्ड फेल होतं. पुन्हा असं काही निसटायला नको.

फक्त एक राहिलं: ते ‘पाहा’ की ‘पहा’?

प्रतिसाद १
त्यासाठी वेगळा धागा काढा. दोनशे प्रतिसाद होतील.