तुरट, कषाय, टॅनिन : पत्रकात नेमकं काय लिहायचं?

रानमोगरा

एका आरोग्य शिबिरासाठी दोन पानी पत्रक मराठीत करून देते आहे. विषय आहे चहा, आवळा, डाळिंब, हिरडा यांतली टॅनिनं (तोंड तुरट करणारी वनस्पतींतली द्रव्यं), ती ज्या मोठ्या गटात मोडतात त्यातली इतर पॉलिफिनॉलं आणि त्यांचे तब्येतीला होणारे फायदे. गाडं अडलंय ते शब्दांपाशी. टॅनिनला आधी 'कषाय द्रव्य' लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, "कसला काढा म्हणतेस?" मग 'तुरट द्रव्य' केलं, तर म्हणाल्या, "म्हणजे पाण्यात तुरटी फिरवायची का?" पॉलिफिनॉलचं 'बहुफिनॉल' केल्यावर घरातली मंडळी 'फरशी पुसायचं का ते?' म्हणून हसताहेत. शिबिराला येणाऱ्या बहुतेक बायका शेतात जाणाऱ्या आहेत. त्यांना कळेल असा शब्द सुचवा.

जुनाजोगी

सासूबाईंचं दोन्ही वेळा बरोबर आहे. 'कषाय' हा शब्द फार हिंडलेला आहे. सहा रसांपैकी एक, औषधी काढा, संन्याशाच्या वस्त्राचा भगवा रंग (काषाय), आणि जैन परिभाषेत तर क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, आत्म्याला कर्म चिकटवून ठेवणारे. एवढ्या गर्दीत टॅनिन कुठे बसवणार?

'तुरट' आपला खास. संस्कृतात 'तुवर' म्हणजे तुरट. अमरकोशात तुवर आणि कषाय हे एकच रस म्हणून दिलेत. त्याच घरातली 'तुवरी', म्हणजे आपली तूर आणि तुरटीसुद्धा. हिंदीवाल्यांनी 'कषाय'वरून 'कसैला' केला, आपण आणि गुजराती लोकांनी 'तुवर' धरून ठेवला. पण तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार, टॅनिनशी त्याचा संबंध नाही. तेव्हा तुरट असेल तिथे टॅनिन असेलच असं नाही.

जाता जाता : रसांच्या नावांत मराठीने एक गंमत करून ठेवली आहे. संस्कृतातला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपला 'कडू' मात्र 'कटु'वरून आला. आयुर्वेदाचं पुस्तक मराठी कानाने वाचणारे हमखास इथे फसतात. पत्रकात रसांची नावं घालणार असाल तर सांभाळा.

खवय्या

एवढं लांब कशाला जायचं? आवळा खाल्ला की तोंड आवळतं, म्हणून तो आवळा. टॅनिनला 'आवळद्रव्य' म्हणा!

जुनाजोगी

खवय्या, आवळा 'आमलक'वरून आलाय, 'आवळणे'शी त्याचं नातं नाही. पण तुमची चूक झकास आहे. इंग्रजीत तुरटाला अ‍ॅस्ट्रिंजंट म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'घट्ट आवळणे' याच अर्थाचा धातू आहे. आणि तोंडात होतं तेही तेच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, त्यांच्या गुठळ्या होतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळ्याला घासायला लागते. म्हणून तुरटपणा ही चव म्हणायची की स्पर्श, हा वाद अजून चालूच आहे. आपण मात्र 'तोंड आवळून आलं' म्हणतो, आंबट-गोडासारखं नुसतं 'तुरट लागलं' म्हणून थांबत नाही.

दापोलीकर

तोंड आवळणं बघायचं तर मीठ न लावता काजूचं बोंड खा. घसा धरतो तो तासभर सोडत नाही.

शब्दांचंच चाललंय तर 'कात' घ्या. सापाची टाकली जाते ती कात, पानात पडतो तो कात. पहिली 'कृत्ती'वरून, म्हणजे कातडं, दुसरा खैराचा. दोघांचा संबंध नाही, तरी योगायोग बघा, खैराच्या रसाने कातडं कमावता येतं.

माझ्या लहानपणी गावाशेजारी कातभट्टी होती. खैराची साल आणि पांढरं लाकूड तासून टाकायचे आणि आतल्या लाल गाभ्याचे कपटे हंड्यांत तासन्‌तास उकळायचे. सगळ्या वाटेवर गोडसर, धुरकट वास. रस आटून थंडावला की तळाशी रवाळ गाळ बसायचा, तो म्हणजे खायचा कात. वर राहिलेल्या काळपट रसात खरं टॅनिन, ते रंगाला आणि चामड्याला. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे ते कातकरी, नावातच धंदा. त्या रवाळ गाळातलं मुख्य द्रव्य म्हणजे कॅटेचिन. आज ग्रीन टीच्या डब्यावर 'कॅटेचिनयुक्त' छापतात ना, ते नाव आपल्या या काताचंच. कानडीत त्याला काचु म्हणतात, मलायी बोलीतही तसंच काहीसं, त्याचं युरोपात 'कॅटेचू' झालं, त्यावरून कॅटेचिन. तिथल्या व्यापाऱ्यांना बरीच वर्षं ती जपानची माती वाटत होती, नावही तसंच ठेवलं होतं.

जुनाजोगी

वा, दापोलीकर! 'टॅनिन' हा शब्दही सालीतूनच आलाय. ओकची साल कुटून चामडं कमावायचे, त्या सालीला 'टॅन'. आपल्याकडे तेच काम बाभळीची साल आणि हिरडा करतात, कोल्हापुरी चपलेचं चामडं त्यानेच होतं. 'कमावणं' हा शब्दही केवढा ऐसपैस आहे : पैसा कमवावा, पैलवानाने अंग कमवावं, आणि चामडं कमवावं म्हणजे ते कुजू नये असं घट्ट करावं.

हल्लीची मुलं उन्हातून आली की 'हात टॅन झाले' म्हणतात. अरे, रापले म्हणा! कपाच्या आत बसतो तो चहाचा राप, उन्हाने हात रापतात. टॅनचे दोन्ही अर्थ एका शब्दात आपल्याकडे आयते आहेत.

शुभ्रा

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून शब्द सोडून 'फायदे' या शब्दाकडे वळते. रानमोगरा ताई, माझ्या मते पत्रकात तोच शब्द जास्त त्रास देणार आहे.

तुमच्या मूळ मजकुरात 'अँटिऑक्सिडंट', म्हणजे ऑक्सिडीकरणाने पेशींची होणारी हानी रोखणारं द्रव्य, असणारच. त्याचं 'प्रतिऑक्सिडीकारक' करण्यात वेळ घालवू नका, शक्य तर काढूनच टाका. परीक्षानळीत कुठल्या फळाची ही ताकद किती, याचे मोठाले तक्ते अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केले होते. २०१२ मध्ये त्यांनीच ते काढून घेतले, कारण नळीतल्या आकड्याचा शरीरात होणाऱ्या परिणामाशी मेळ बसत नव्हता. बहुतेक पॉलिफिनॉलं रक्तात फार थोडी उतरतात. बाकीची मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांची मोडतोड करतात, आणि जो काही गुण येतो तो बराचसा त्या तुकड्यांचा असतो. डाळिंबातल्या टॅनिनापासून युरोलिथिन नावाची द्रव्यं तयार होतात, पण सगळ्यांच्या पोटात नाही. ते करणारे जिवाणू ज्याच्याकडे आहेत त्यालाच ती मिळतात.

मग फायदा काहीच नाही का? आहे, पण बेताने बोलावा लागतो. कोकोतल्या फ्लॅव्हनॉलांनी (हीही पॉलिफिनॉलंच) रक्तवाहिन्या नीट सैलावतात, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केलं, दिवसाला २०० मिलिग्रॅम या प्रमाणात. (सैलावतात! इथे आवळणं नाही, हे जुनाजोगी काकांसाठी.) पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या २१ हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले, त्यांत कोकोचा अर्क रोज घेऊन हृदयविकाराच्या एकूण घटना खात्रीने कमी झाल्या असं दिसलं नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, ते मात्र चाचणीचं मुख्य मोजमाप नव्हतं. आणि गोळ्यांपासून जपा : ग्रीन टीच्या अर्कातलं मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास यकृताला त्रास होऊ शकतो, असा इशारा त्याच युरोपीय संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. कपातला चहा वेगळा, डबीतला अर्क वेगळा.

आता शेतावरच्या बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. केळफूल सोलून लोखंडी विळीवर चिरा. पातं काळं, बोटं काळी. थोडा काळेपणा हवेने येतो, पण पात्यावर उमटतो तो लोखंड आणि टॅनिन यांच्या मिठीचा. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून काळा रंग करतात, तीच ही क्रिया. भाकरी-भाजीबरोबर चहा घेतला की पोटात हेच होतं, भाजीतलं लोह टॅनिन धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). त्याला चहा हे एकच कारण नक्कीच नाही. पण अशा बायकांना 'चहाचे फायदे' सांगताना चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने घ्या, आणि भाजीवर लिंबू पिळा, हे न सांगणं मला पटत नाही.

खवय्या

म्हणजे केळफूल ताकाच्या पाण्यात टाकतात ते...

शुभ्रा

अगदी! ताकाच्या आंबटपणाने काळवंडणं मंदावतं, आणि त्यातली प्रथिनं टॅनिन ओढून घेतात, म्हणून भाजीचा तुरटपणा उतरतो. चहात दूध घातल्यावर तो मऊ लागतो त्याचंही हेच कारण. लाळेच्या आधी दुधालाच आवळून होतं.

दापोलीकर

आमच्याकडे बोटांना तेल लावून बसतात, तरी नखं काळी होतातच. सुपारी पण तुरट, मग तिलाही चांगलं म्हणायचं का?

शुभ्रा

मुळीच नाही. बरं झालं विचारलंत. सुपारीत टॅनिन भरपूर आहे आणि तरी कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये ती निःसंशय कर्करोगकारक ठरवली, तंबाखू नसलेलीसुद्धा. सुपारी खाणाऱ्यांची गालाची आतली बाजू हळूहळू ताठ होत जाते, पुढे तोंडात दोन बोटं जात नाहीत. तिथे कोलॅजन साठतं, त्याला सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन आणि तांबं जबाबदार धरतात, आणि टॅनिनही ते कोलॅजन सहज विरघळू देत नाही असं मानतात. चामड्यातलं प्रथिनही कोलॅजनच. जुनाजोगी काकांचा 'कमावणं' हा शब्द वाचला तेव्हा मला पहिल्यांदा माझे हे पेशंटच आठवले.

जुनाजोगी

हे वाचून हातातली सुपारी खाली ठेवली. खोटं नाही.

रानमोगरा

सगळ्यांचे आभार. 'कषाय' आणि 'बहुफिनॉल' दोन्ही उडवले. 'टॅनिन' तसंच ठेवलंय, पण पहिल्याच ओळीत ओळख करून दिली आहे. मजकूर असा झालाय :

"चहाच्या कपाला जो राप बसतो, केळफूल चिरताना विळी जी काळी होते, आवळा खाल्ल्यावर तोंड जे आवळतं, ते टॅनिनामुळे. आवळा, डाळिंब, जांभूळ जरूर खा. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने. सुपारी नको."

'फायदे' हा मथळा काढून 'टॅनिन : कुठे, किती, कधी' असा केला. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे कळलं. पण राप घासायला राख लागते, तेही लिही."

जुनाजोगी

लिहा. आणि 'टॅनिनामुळे' बरोबर आहे, कोणी 'टॅनिनमुळे' करा म्हणालं तर ऐकू नका.